सोडू की सोसत राहू?

पत्र लिहिणाऱ्या ताई २९ वर्षांच्या आहेत. जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयात भूल विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतात. ओटी (शस्त्रक्रियागृहं) दोन, तंत्रज्ञ तीन, त्यातला एक बहुतेक वेळा रजेवर. कान-नाक-घशाच्या आणि लहान मुलांच्या केसेस भरपूर. दोन्ही ओटींत स्प्लिट एसी. भूल देण्याच्या बॉईल्स मशीनमधून बाहेर पडणारा वायू खोलीतच राहतो. मुलांच्या शस्त्रक्रियांची लिस्ट असली की सेव्होचा (सेव्होफ्लुरेन, हुंगवून भूल देण्याचं औषध) गोडसर वास दिवसभर येतो, दुपारनंतर डोकं जड होतं, कधी डोळे चुरचुरतात. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात त्यांचा गर्भपात झाला. चार दिवसांनी त्या कामावर हजर झाल्या. आता पुन्हा मूल हवं आहे, पण "गॅसनेच माझं बाळ नेलं" हा विचार पाठ सोडत नाही. भूलतज्ज्ञ सर म्हणतात, "मी तीस वर्षं हाच वास घेतोय, मला काय झालं?" सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. घराचं कर्ज दोघांच्या पगारावर चालतं, आणि काम तर जीव लावून शिकलेलं. आठवड्याला दोन-तीन नाईट, आणि सकाळच्या लिस्टला पुन्हा तीच माणसं. रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. मध्यंतरी पहाटेच्या सिझरला चुकीच्या औषधाची अ‍ॅम्प्यूल (काचेची कुपी) हातात आली. सरांनी वेळीच पाहिलं. झोप लागत नाही म्हणून एका सहकाऱ्याने उरलेलं मिडॅझोलॅम (गुंगी आणणारं इंजेक्शन) घरी न्यायला सुचवलं. त्यांचा प्रश्न एवढाच: "नोकरी सोडू, की बाकीच्यांसारखी सोसत राहू?"

ताई,

आधी मिडॅझोलॅमचं बोलते. बाकीच्या प्रश्नांना थोडी उसंत आहे, याला नाही.

उरलेली अ‍ॅम्प्यूल घरी नेऊ नका. एकदाही नाही. आपण ओटीत हे औषध देतो तेव्हा पेशंटच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर असतो, हाताशी ऑक्सिजन आणि हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग असते, आणि श्वास मंदावला तर हनुवटी उचलायला कुणीतरी उशाशी उभं असतं. घरी यातलं काहीही नसतं. भूल विभागात काम करणाऱ्यांना औषधांची सवय लागण्याचा धोका जगभर मान्य झालेला आहे. आपली माणसं कमकुवत असतात म्हणून असं होत नाही. औषध हाताशी असतं, मात्रा पाठ असते, म्हणून "किती घ्यायचं ते मला कळतं" असा भरवसा वाटतो. सुरुवात पुष्कळदा झोपेपासूनच होते. तुम्ही ते घेतलं नाहीत आणि लिहून विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. ज्याने सुचवलं त्याच्याशीही बोला. असा उपाय ज्याला चटकन सुचतो तो बऱ्याचदा स्वतःच त्यात अडकलेला असतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तुम्हा दोघांसाठी आहे. ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता बाळाबद्दल.

"गॅसनेच नेलं" असं लिहून पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय, "आणि मीच रोज त्या गॅसमध्ये जाऊन उभी राहिले." ही दुसरी ओळ वाचून मी बराच वेळ थांबले. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप संपतात. त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. शाळेत शिकवणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, दिवसभर घरी असणाऱ्या बायकांच्या वाट्यालाही हे येतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मी नाही, तुमचे सर नाहीत, सासूबाईही नाहीत. ज्याचा निवाडाच होऊ शकत नाही त्याची शिक्षा तुम्ही वर्षभर भोगताय. आणि एका गर्भपातानंतर पुढची वेळ नीट पार पडण्याचीच शक्यता जास्त असते, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर माझ्याकडून ऐका.

मग गॅसची भीती खोटी आहे का? तसंही नाही. १९६७ साली सोव्हिएत रशियात वाइसमन नावाच्या संशोधकाने भूलतज्ज्ञांची पाहणी केली. त्यात ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपलेल्या आढळल्या. आकडा हादरवणारा होता, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि तो काळ भुलीसाठी ईथर वापरण्याचा होता. महत्त्वाचं म्हणजे कारणं सांगताना वाइसमनने वायूंच्या जोडीला मानसिक ताण आणि कामाचा बोजा या दोन्हींची नावं घेतली होती. पुढे लोकांच्या लक्षात वायू तेवढा राहिला. तुमच्या पत्रातही तसंच झालंय असं मला वाटतं, त्याकडे मी परत येते.

नंतरचे अभ्यास जास्त उपयोगाचे आहेत. अमेरिकेत दातांच्या दवाखान्यांतल्या सहायक स्त्रियांची पाहणी झाली, कारण तिथे नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू सर्रास वापरतात. जिथे वायू बाहेर काढायची सोय नव्हती आणि आठवड्यातले तीन किंवा अधिक तास त्यात जात होते, तिथे गर्भपाताचा धोका सुमारे अडीचपट निघाला. तास पाच किंवा अधिक असले की दिवस राहायलाही वेळ लागत होता. पण जिथे वायू नळीने बाहेर जात होता तिथे ही वाढ दिसली नाही. हे निष्कर्ष १९९२ आणि १९९५ साली प्रसिद्ध झाले. १९९७ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ओटीतल्या स्त्रियांमध्ये धोका साधारण दीडपट दिसला, आणि त्यातली बहुतेक माहिती वायू बाहेर काढायची पद्धत रूढ होण्याआधीची होती.

मला यातून कळतं ते असं: तुम्ही ओटीत आहात की नाही, यापेक्षा ओटीतला वायू जातो कुठे हा खरा प्रश्न आहे. तुमच्याकडे तो कुठेच जात नाही.

सरांच्या "मला काय झालं"बद्दल. ते मनाने वाईट असतील असं मला वाटत नाही. आपल्या क्षेत्रात सोसणं हा अभिमानाचा भाग करून ठेवलाय, आणि त्यांनीही तरुणपणी कुणाकडून तरी हेच ऐकलं असणार. पण ज्यांना काही झालं त्या आज ओटीत उभ्या राहून सांगायला नाहीत. कुणी नोकरी सोडली, कुणी बदली घेतली, कुणी चार दिवसांत परत आली आणि काही बोलली नाही. जे टिकले त्यांच्यावरून सगळ्यांचा हिशोब लावता येत नाही. शिवाय गर्भ राहण्याचा प्रश्न त्यांच्या शरीराचा कधीच नव्हता.

वासाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने १९७७ साली मर्यादा सुचवल्या: नायट्रस ऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, हॅलोथेनच्या जातीचे भुलीचे वायू (सेव्होही त्यातलंच) २ भाग, आणि दोन्ही एकत्र वापरले तर हॅलोथेनच्या जातीसाठी फक्त ०.५ भाग. सेव्होफ्लुरेन त्यानंतर आलं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा आकडा त्यात नाही. ब्रिटनमध्ये नायट्रसची मर्यादा १०० आहे. दोन प्रगत देशांत चौपट फरक असेल, तर "एवढ्यापर्यंत अगदी सुरक्षित" अशी रेघ कुणाला सापडलेली नाही, हे उघड आहे. जमेल तितकं कमी, एवढंच शहाणपणाचं. आणि एक लक्षात ठेवा: आपल्या नाकाला वास कळतो तोवर हवेतलं प्रमाण त्या २ भागांच्या कितीतरी वर गेलेलं असतं. दिवसभर वास येणं म्हणजे गळती आहे. नायट्रसचा तर वासावरून पत्ताच लागत नाही. तोंडावरच्या सर्जिकल मास्कने किंवा एन-९५ने यातलं काहीही अडत नाही, दोन-दोन लावले तरी नाही.

वायू नेमका कुठून येतो ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे, पण कधी थांबून पाहिलंत का? टॉन्सिलची केस आठवा. चार-पाच वर्षांचं पोर, आईपासून नुकतंच सोडवलेलं, रडतंय, मान हलवतंय. सेव्होचा डायल आठ टक्क्यांवर, वायूचा प्रवाह भरपूर, सर मास्क धरायच्या प्रयत्नात, आणि पोराचे हात धरायला तुम्ही वाकलेल्या. तुमचं नाक त्या मास्कपासून वीतभर अंतरावर. जॅक्सन-रीस सर्किट (लहान मुलांना वायू देण्याची, शेवटी उघडी बॅग असलेली नळ्यांची जोडणी) असेल तर बॅगेची उघडी शेपटी तुमच्याच तोंडाकडे. पोर झोपलं, सर व्हेन शोधायला वळले, मास्क उशीवर राहिला, डायल आठवरच. पुढचं अर्धं-एक मिनिट तो वायू कुणाच्याच उपयोगाचा नसतो, तो सगळा खोलीचा होतो. दिवसाला अशी सहा पोरं असली की दुपारी डोकं जड होणारच.

इथे बदल करायला कुणाची परवानगी लागत नाही, किंवा लागलीच तर सरांची एका वाक्यात मिळेल अशी. मास्क चेहऱ्यावर नीट बसल्यावर डायल उघडायचा. मास्क उचलायच्या आधी, ट्यूब टाकताना, सर्किट सोडवताना प्रवाह बंद करायचा. मुलाच्या मापाचा मास्क आधीच काढून ठेवायचा. मोठ्या मास्कने होणारी गळती ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात टाळता येण्यासारखी. जिथे चालेल तिथे कफवाली (फुगवून गळती थांबवणारी) ट्यूब आणि सर्कल सर्किटवर, म्हणजे तोच वायू पुन्हा फिरवणाऱ्या जोडणीवर, कमी प्रवाह. केस संपताना पेशंट सर्किटलाच जोडलेला ठेवून थोडा वेळ शंभर टक्के ऑक्सिजन, म्हणजे त्याच्या फुप्फुसातला वायू खोलीत न येता सर्किटमधून जाईल. व्हेपोरायझर (द्रव औषधाची वाफ करणारं भांडं) केसच्या मध्ये नाही, लिस्ट संपून खोली रिकामी झाल्यावर भरायचा. सकाळी मशीन तपासताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे. जुन्या बॅगा आणि कडक झालेले वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार.

पण खरा उपाय नळीचा. वॉल्व्हमधून आणि व्हेंटिलेटरमधून बाहेर पडणारा वायू गोळा करून भिंतीपलीकडे सोडायचा, यालाच स्कॅव्हेंजिंग म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत त्याची पाइपलाइन असते. छोट्या ठिकाणी वॉल्व्हला जोडलेली रुंद कोरुगेटेड नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली तरी पुष्कळ फरक पडतो. वॉल्व्हला नळी बसायची सोय नसेल तर तसा वॉल्व्ह मागवावा लागतो. हे काम बायोमेडिकल इंजिनिअरकडूनच करून घ्या. उत्साहाने कुणी ती नळी थेट सक्शनला जोडली तर बॅग रिकामी ओढली जाईल आणि पेशंटच्या जिवावर बेतेल. नळीचं तोंड बाहेर जिथे निघतं तिथे नातेवाईक बसत नाहीत ना, एसीची हवा आत ओढली जात नाही ना, नळी कुठे दुमडलेली नाही ना, तेही पाहायचं.

स्प्लिट एसी हवा गार करतो, बदलत नाही. तीच हवा फिरत राहते. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ओटीसाठी तासाला किमान २० वेळा हवा फिरणं आणि त्यातले किमान ४ फेरे ताज्या हवेचे अशी अपेक्षा आहे. तुमच्या रुग्णालयाने मानांकनासाठी अर्ज केला असेल किंवा करायचं मनात असेल, तर हा मुद्दा मालकांना तुमच्या तब्येतीपेक्षा लवकर पटेल. असं लिहिताना वाईट वाटतं, पण पटणं महत्त्वाचं.

डोळे चुरचुरतात असं लिहिलंय, त्याचं कारण सेव्हो असण्याची शक्यता मला कमी वाटते. तुमच्याकडे ओटीचं फ्युमिगेशन अजून फॉर्मॅलिनने होतं का? रविवारी धूर करून सोमवारी सकाळी पहिली केस लावायला तुम्हीच आधी आत जाता का? फॉर्मॅलिन डोळ्यांना आणि घशाला झोंबतं, आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. चुरचुर सोमवारी जास्त असते का, हे वहीत लिहून पाहा. डोकेदुखीचीही नोंद ठेवा: कोणती लिस्ट, किती पोरं, आदल्या रात्री नाईट होती का, जेवण किती वाजता झालं. महिन्याभरात चित्र स्पष्ट होईल. मला दाट शंका आहे की डोकेदुखीचा काही भाग सेव्होच्या नाही, नाईटच्या दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर निघेल.

आता मी ज्या गोष्टीकडे परत येणार होते ती.

तुमच्या पत्रात गॅसबद्दल दोन पानं आहेत आणि नाईटबद्दल चार ओळी. मी असते तर उलट लिहिलं असतं. डेन्मार्कमध्ये २०१९ साली वीस हजारांहून अधिक गरोदर नोकरदार स्त्रियांच्या ड्युटीच्या नोंदी तपासल्या. आठव्या आठवड्यानंतर, ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा अधिक नाईट केल्या त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघालं. हे वाचून लगेच मागचा हिशोब मांडायला बसू नका. एकेकीच्या बाबतीत यावरूनही काही सिद्ध होत नाही. पुढचं ठरवायला मात्र हे हाताशी ठेवा.

पहाटेच्या त्या अ‍ॅम्प्यूलबद्दल तुम्ही स्वतःला "निष्काळजी" म्हटलंय. तुम्ही किती तास जाग्या होतात ते आधी मोजा. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात दोन संशोधकांनी दाखवून दिलं की सलग १७ तास जागल्यावर माणसाचा हात आणि डोकं इतकं मंदावतं, जितकं रक्तात ०.०५ टक्के दारू असताना मंदावेल. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांच्या वर सापडलात तर तो गुन्हा आहे. म्हणजे ज्या अवस्थेत तुम्हाला स्कूटर चालवायची मुभा नाही, त्या अवस्थेत तुमच्याकडून सिझरची औषधं भरून घेतली जातात. हा दोष ड्युटीच्या तक्त्याचा आहे. तोवर एवढं करा: प्रत्येक सिरिंजवर रंगीत लेबल, आणि भरण्याआधी अ‍ॅम्प्यूलवरचं नाव मोठ्याने वाचायचं, सर ऐकतील असं. सुरुवातीला विचित्र वाटतं, आठवड्याभरात सवय होते. सारख्या दिसणाऱ्या अ‍ॅम्प्यूल एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवू नका.

छातीत धडधड, झोप उडणं, फोनची धास्ती हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गर्भपात झाला आणि चार दिवसांत तुम्ही उभ्या होतात. रडायला वेळ कुठे मिळाला? मला वाटतं तुमची झोप तिथे अडकली आहे. त्यासाठी उपचार आहेत, आणि मूल हवं असतानाही घेता येतील असे आहेत. ते मनात असल्याचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

तुम्ही माझ्यासमोर दोनच वाटा ठेवल्यात, सोडायचं किंवा सोसायचं. दोन्हींत रुग्णालय जसंच्या तसं राहतं आणि बदलायचं ते फक्त तुम्ही. सोडण्याचा विचार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. घरात भांडण पेटलं असेल, जीव रमत नसेल, मागूनही काही बदलत नसेल, तर सोडा. त्यात हार नाही. पण आत्ता सोडली तर मिळण्यासारखं बरंच जाईल. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा ठिकाणी, बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजाही मिळते. तुम्हाला चार दिवस दिले गेले, आणि तुम्ही ते उपकार म्हणून घेतलेत. ही रजा तुमच्या हक्काची होती. कंत्राटावर असलेल्या बायकांनाही हे लागू होतं.

तिसरी वाट बदलीची, काही महिन्यांपुरती. ती मागा, पण कुठे, ते नीट ठरवून. "ओटी नको ना, मग सीएसएसडीत (उपकरणं निर्जंतुक करण्याच्या विभागात) जा," असं हमखास सांगितलं जाईल. तिथे ईटीओ मशीन, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करणारं यंत्र, असेल तर साफ नाही म्हणा. इथिलीन ऑक्साइडचा गर्भपाताशी संबंध आढळलेला आहे आणि तो कर्करोगाच्याही पहिल्या गटातला वायू आहे. एक्स-रेखाली हृदयाच्या तपासण्या होतात ती कॅथ लॅब नको. केमोथेरपीची औषधं तयार करण्याचं काम नको. आयसीयूत व्हेंटिलेटरचं काम, भूलपूर्व तपासणीची ओपीडी, स्पायनलवर (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून) होणाऱ्या केसेसची लिस्ट, हे चालेल. हाडांच्या ओटीत स्पायनलच्या केसेस खूप असतात, पण तिथे सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान वापरायचं एक्स-रे यंत्र, असतो. लेड अ‍ॅप्रन घाला, शूट करताना दोन पावलं मागे जा (अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते), आणि एक्स-रे ट्यूबच्या बाजूला न थांबता समोरच्या बाजूला उभ्या राहा. किरणांची मात्रा मोजणारा बॅज मागून घ्या. गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे.

आणि चौथी वाट अर्जाची, जी मी तुम्हाला आधी चालायला सांगेन. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. एका पानाचा अर्ज लिहा, भूल विभागप्रमुख आणि प्रशासनाच्या नावाने, पोच घेऊन. त्यात बाळाचा उल्लेख करायची गरज नाही. तिघांनी सह्या केल्यात तर उत्तम. रिकव्हरीच्या सिस्टरना विचारा, त्या नक्की सही करतील, कारण पेशंट जागा होताना जो वायू सोडतो तो त्यांच्या तोंडावर येतो. मागण्या तीनच ठेवा. दोन्ही मशीनना वायू बाहेर नेणारी नळी. हवेची एकदा मोजणी, त्यासाठी कपड्याला लावायचे बॅज मिळतात. आणि नाईटनंतरच्या सकाळी लिस्ट नाही. तिसऱ्या मागणीला "माणसं कुठून आणू" असं उत्तर येईल. त्यावर त्या पहाटेच्या अ‍ॅम्प्यूलची गोष्ट, कुणाचंही नाव न घेता, सांगायची. एक खटला लागला तर होणाऱ्या खर्चात एका तंत्रज्ञाचा कितीतरी वर्षांचा पगार निघतो. सरांना अर्ज आधी दाखवा, "तुम्हीही सही कराल का" म्हणून. तुमच्याकडून असं विचारलं जाण्याची ते वाटही पाहत असतील. तीस वर्षं तो वास त्यांनीही घेतलाय.

हे वाचणाऱ्या, केसवर पैसे घेऊन पाच रुग्णालयांत फिरणाऱ्या भूलतज्ज्ञांनाही सांगते: तुम्हाला रजा नाही, बॅज नाही, अर्ज करायला प्रशासनही नाही, पण प्रत्येक मालकाला तुमची गरज आहे. तुम्ही "नळी लावा, मगच मुलांची लिस्ट घेतो" म्हटलंत तर महिनाभरात नळी लागेल. तंत्रज्ञाने वर्षभर म्हटलं तरी लागणार नाही.

ताई, तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. तुमच्याकडे नायट्रस वापरत असतील आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर बी-१२ तपासून घ्या. नायट्रस शरीरातलं बी-१२ निकामी करतं, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी असलेल्या बायका पुष्कळ. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहायच्या आधीपासून सुरू हवं. किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. नवऱ्याला हे पत्र आणि उत्तर दोन्ही वाचायला द्या, आणि सासूबाईंशी त्यांनीच बोलावं. सासूबाईंना तुमची काळजी वाटते आहे. त्यांना फक्त माहीत नाही की सोडणं आणि सोसणं यांच्या मध्ये पुष्कळ काही करता येतं.

अर्ज केल्यावर नळी लागेपर्यंत मुलांच्या लिस्टमधून तुम्हाला वगळावं एवढं सरांकडे मागा आणि मूल होऊ देण्याचा विचार शक्य असेल तर तोवर दोन-तीन महिने पुढे ढकला. पण आधीच पाळी चुकली तर घाबरून राजीनामा लिहू नका. त्याच दिवशी सरांना एकट्यात सांगा, दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी प्रशासनाला द्या, आणि नाईट, मुलांच्या केसेस व सी-आर्म या तिन्हींतून नाव काढून घ्या, याच क्रमाने. नाही म्हणाले तर लेखी नकार मागा, आणि मला पुन्हा लिहा.